जॉन कूपर क्लार्क : मंचीय कविता, साथीचा वाद्यवृंद आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

साहित्याच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने छापील ग्रंथांच्या आधारे होत आले आहे. जी कविता छापली गेली नाही, किंवा जिचे छापील रूप दुय्यम राहिले, तिची नोंद या इतिहासात कशी घ्यावयाची, हा प्रश्न मौखिक परंपरांच्या अभ्यासकांना नवीन नाही. मात्र मुद्रणसंस्कृती पूर्णपणे रुजलेल्या इंग्लंडसारख्या देशातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष सादर करण्यासाठी रचलेली आणि सादरीकरणातच पूर्णत्वाला जाणारी कविता तेथे 'परफॉर्मन्स पोएट्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी 'मंचीय कविता' ही संज्ञा वापरली आहे.

या प्रवाहातील एक महत्त्वाचे कवी म्हणजे सॅलफर्डचे जॉन कूपर क्लार्क (जन्म २५ जानेवारी १९४९). त्यांची ओळख बहुधा 'पंक कवी' अशी करून दिली जाते. 'इन्व्हिजिबल गर्ल्स' या वाद्यवृंदाच्या साथीने १९७८ ते १९८२ या काळात निघालेल्या ध्वनिमुद्रिका हाच त्यांच्या कार्याचा मुख्य पुरावा मानला जातो. रॉक संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो याच ध्वनिमुद्रिकांमुळे; कवितेच्या इतिहासात मात्र त्यांना फारशी जागा मिळालेली नाही. क्लार्क यांची कारकीर्द १९७० च्या दशकात सुरू झाली आणि ती एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही चालू राहिली. या जवळजवळ पन्नास वर्षांपैकी वाद्यवृंदाची वर्षे जेमतेम पाच आहेत. म्हणजे ज्या पाच वर्षांची साधने विपुल, त्या पाच वर्षांच्या मापाने संपूर्ण कारकीर्द मोजली गेली आहे.

वाद्यवृंदाने क्लार्क यांच्या कवितेला नेमके काय दिले, काय देता आले नाही, आणि साथ सुटल्यानंतरही ती कविता का टिकली, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. त्यातून साधनांची उपलब्धता आणि ऐतिहासिक महत्त्व या दोन गोष्टींची गल्लत कशी होते, हे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

वाद्यसाथीच्या कवितेची पूर्वपीठिका

कविता वाद्यांच्या साथीने म्हणण्याची प्रथा पंक चळवळीबरोबर इंग्लंडमध्ये आली, असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुस्थिती तशी नाही. एडिथ सिटवेल यांच्या कवितांना तरुण संगीतकार विल्यम वॉल्टन यांनी लहान वाद्यवृंदासाठी संगीत दिले आणि 'फसाड' या नावाने त्यांचा खाजगी प्रयोग १९२२ मध्ये, तर सार्वजनिक प्रयोग १९२३ मध्ये लंडनमध्ये झाला. या प्रयोगात कवयित्री पडद्याआड उभी राहून कर्ण्यातून कविता म्हणत असे. कवितेतील अर्थापेक्षा तिच्या तालाला प्राधान्य देणारा हा प्रयोग होता. त्याचा प्रेक्षकवर्ग मात्र लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळापुरता मर्यादित होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील बीट कवींच्या प्रभावाने जॅझ संगीताच्या साथीने कवितावाचन करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये आली. मायकेल होरोविट्झ यांनी १९५९ मध्ये 'न्यू डिपार्चर्स' हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच्याच विस्तारातून कविता व जॅझ यांचे एकत्रित कार्यक्रम गावोगावी होऊ लागले. ११ जून १९६५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या कवितावाचनाला हजारो श्रोते उपस्थित होते. कवितेला एवढा मोठा समुदाय मिळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

याच सुमारास लिव्हरपूलमध्ये ॲड्रियन हेन्री, रॉजर मॅकगॉफ आणि ब्रायन पॅटन या तिघांची कविता पुढे आली. त्यांचा 'द मर्सी साउंड' (१९६७) हा संग्रह इंग्लंडमधील सर्वाधिक खपलेल्या काव्यसंग्रहांत गणला जातो. हेन्री यांनी 'लिव्हरपूल सीन' हा वाद्यवृंद चालविला. मॅकगॉफ 'स्कॅफोल्ड' या त्रिकूटाचे सदस्य होते आणि या त्रिकूटाचे एक विनोदी गीत १९६८ च्या अखेरीस विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे लंडनबाहेरच्या, बंदराच्या शहरातील कवी हा लोकप्रिय संगीताच्या बाजारात उतरू शकतो, याचे उदाहरण क्लार्क यांच्या पिढीसमोर होते. मात्र लिव्हरपूलच्या कवींचे पुस्तक प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेने काढलेले होते. त्यांचे कवी असणे पुस्तकाने आधीच मान्य केले होते. क्लार्क यांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

सॅलफर्ड : कवितेची भूमी

इर्वेल नदीच्या एका तीरावर मँचेस्टर आणि दुसऱ्या तीरावर सॅलफर्ड. बाहेरच्यांना ही दोन्ही शहरे एकच वाटतात. सॅलफर्डचा रहिवासी मात्र हा भेद कटाक्षाने पाळतो. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात येथील कामगारवस्त्यांची अवस्था वर्णिली आहे. पुढे वॉल्टर ग्रीनवुड यांची 'लव्ह ऑन द डोल' (१९३३) ही बेकारीवरील कादंबरी, शीला डिलेनी यांचे 'अ टेस्ट ऑफ हनी' (१९५८) हे नाटक आणि रॉबर्ट रॉबर्ट्स यांचा 'द क्लासिक स्लम' (१९७१) हा आत्मचरित्रात्मक सामाजिक इतिहास, अशी या एका शहराची स्वतःची साहित्यपरंपरा आहे. कामगारवस्तीतील जीवन आतून पाहणे आणि त्याविषयी गहिवर न दाखविता बोलणे, हे या परंपरेचे लक्षण म्हणता येईल.

क्लार्क हे या परंपरेचे वारस आहेत. लहानपणी त्यांना क्षयरोग झाला होता. शाळेतील इंग्रजीच्या एका शिक्षकामुळे त्यांना कवितेची गोडी लागली, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. या शाळेत मुलांना कविता मोठ्याने म्हणावयास लावीत. पाठांतर, यमक आणि ठसठशीत आघात असलेली एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय कथनकविता हे त्यांच्या काव्यसंस्काराचे मूळ होते. पन्नास-साठच्या दशकांत इंग्रजी काव्यसमीक्षेत प्रतिष्ठा पावलेली संयत, मुक्त किंवा अर्धमुक्त रचना त्यांच्या वाट्याला उशिरा आली, आणि तिने त्यांच्यावर फारसा परिणाम केला नाही.

शाळेनंतर त्यांनी ज्या नोकऱ्या केल्या, त्यांत सॅलफर्डच्या तांत्रिक महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायकाची नोकरी होती. या नोकरीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. याच काळात मँचेस्टरमधील लोकगीतांचे क्लब, मद्यगृहे आणि विनोदी कार्यक्रमांची मनोरंजनगृहे येथे ते कविता म्हणू लागले. विनोदी नट बर्नार्ड मॅनिंग यांच्या मालकीच्या 'एम्बसी क्लब'मध्येही त्यांनी कविता सादर केल्या. अशा ठिकाणी आलेला श्रोता कवितेसाठी आलेला नसतो. त्याच्या हातात पेला असतो, शेजाऱ्याशी त्याच्या गप्पा चालू असतात, आणि कंटाळा आला तर तो तसे मोठ्याने सांगतो. त्याचे लक्ष पहिल्या दोन ओळींत खेचून घेणे आणि शेवटपर्यंत सुटू न देणे ही तेथील अट होती. क्लार्क यांच्या शैलीची बहुतेक वैशिष्ट्ये या अटीतून निर्माण झाली आहेत. अतिशय वेगवान उच्चारण, प्रत्येक ओळीच्या शेवटी वाजणारे यमक, एकामागून एक येणाऱ्या वस्तूंच्या याद्या, आणि दर काही ओळींनी येणारा विनोदाचा झटका, ही ती वैशिष्ट्ये होत. वेगामुळे मध्येच टोमणा मारू पाहणाऱ्याला जागाच उरत नसे.

पंक चळवळ आणि ध्वनिमुद्रण (१९७७–१९८२)

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. पण त्यांतील अनेकांनी पुढे स्वतःचे वाद्यवृंद काढले, म्हणून मँचेस्टरच्या सांस्कृतिक इतिहासात ही तारीख महत्त्वाची मानली जाते. जानेवारी १९७७ मध्ये 'बझकॉक्स' या स्थानिक वाद्यवृंदाने स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रिका काढली. लंडनच्या कंपन्यांवाचून ध्वनिमुद्रण, छपाई आणि वितरण करता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. त्या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते होते मार्टिन हॅनेट. 'रॅबिड रेकॉर्ड्स' या मँचेस्टरमधील छोट्या संस्थेशीही हॅनेट यांचा निकटचा संबंध होता, आणि याच संस्थेने १९७७ मध्ये क्लार्क यांची पहिली छोटी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

पंक संगीताच्या कार्यक्रमांत मुख्य वाद्यवृंद येण्यापूर्वी कोणीतरी रंगमंच सांभाळावा लागे. क्लार्क यांना नेण्यासाठी वाद्ये लागत नसत, ध्वनिव्यवस्थेची जुळवाजुळव लागत नसे; एक ध्वनिक्षेपक पुरे होई. त्यामुळे 'बझकॉक्स', 'द फॉल', 'जॉय डिव्हिजन', एल्व्हिस कॉस्टेलो अशा अनेकांच्या कार्यक्रमांत ते दिसू लागले. किडकिडीत देह, विस्कटलेल्या केसांचा डोलारा, काळा चष्मा आणि घट्ट विजार हा त्यांचा वेश १९६५-६६ मधील बॉब डिलन यांची आठवण करून देणारा होता. पंक श्रोत्याला हा माणूस आपल्यातला वाटला. 'पंक कवी' हे बिरुद येथून चिकटले. प्रत्यक्षात त्यांची छंदरचना पंकपूर्व, किंबहुना विसाव्या शतकापूर्वीची होती, याकडे दुर्लक्ष झाले.

१९७८ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीने, आपल्या एपिक या नाममुद्रेखाली, क्लार्क यांना करारबद्ध केले. येथून साथीच्या वाद्यवृंदाचा प्रश्न ऐरणीवर आला. संगीताच्या दुकानात कवितेसाठी वेगळा कप्पा नव्हता. नभोवाणीवर नुसती कविता लागण्याची शक्यता अल्प होती. ध्वनिमुद्रिकेची विक्री तिच्यातील एखादे गीत वाजण्यावर अवलंबून असे. अशा व्यवस्थेत कवीला बसवायचे, तर त्याच्या मागे संगीत उभे करणे व्यापारी दृष्टीने आवश्यकच होते. हॅनेट आणि कळवाद्ये वाजविणारे स्टीव्ह हॉपकिन्स यांच्याभोवती 'इन्व्हिजिबल गर्ल्स' हा वाद्यवृंद उभा राहिला. पीट शेली, बिल नेल्सन यांच्यासारखे नामांकित वादक त्यात प्रसंगोपात्त सहभागी होत. हा कायमस्वरूपी फिरता संच नव्हता; त्याचे अस्तित्व प्रामुख्याने ध्वनिमुद्रणगृहात होते. पुढे पॉलीन मरी यांनाही याच नावाच्या संचाने साथ केली. 'अदृश्य मुली' असा अर्थ असलेले हे नाव त्या अर्थाने समर्पक होते, कारण श्रोत्याला हा वाद्यवृंद बहुधा दिसतच नसे.

'डिसगाइज इन लव्ह' (१९७८), 'स्नॅप, क्रॅकल अँड बॉप' (१९८०) आणि 'झिप स्टाइल मेथड' (१९८२) हे या सहकार्यातून निर्माण झालेले तीन प्रमुख संच. त्यांपैकी दुसरा विक्रीच्या यादीत सव्विसाव्या क्रमांकापर्यंत गेला. १९७९ मध्ये निघालेले 'गिमिक्स' हे क्लार्क यांचे एकमेव गीत पहिल्या चाळिसांत, एकोणचाळिसाव्या क्रमांकावर पोहोचले. ही ध्वनिमुद्रिका नारिंगी रंगाची आणि त्रिकोणी आकाराची होती. विक्रीच्या क्लृप्त्यांवर लिहिलेली रचना स्वतःच एका क्लृप्तीच्या रूपाने बाजारात आली, ही बाब त्या काळातील ध्वनिमुद्रण व्यवसायाविषयी बरेच काही सांगून जाते.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'वॉकिंग बॅक टू हॅपिनेस' या संचाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. त्यात लंडनमधील प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. कविता वाद्यसाथीशिवाय म्हटल्या आहेत, आणि श्रोत्यांचे हसणे, ओरडणे व टोमणे त्यांत जसेच्या तसे ऐकू येतात. वाद्यवृंदाच्या ऐन काळातही रंगमंचावरील क्लार्क मुख्यतः एकटेच होते, याचा हा पुरावा आहे.

साथ आणि लय

साथीच्या वाद्यवृंदाचा परिणाम तपासताना क्लार्क यांच्या रचनेचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. त्यांची ओळ बहुधा आघातांवर चालते. दोन आघातांमध्ये किती अवयव यावेत, यावर कडक बंधन नसते. त्यामुळे वक्ता काही शब्द घाईने गुंडाळतो आणि आघाताचा शब्द वेळेवर आणून ठेवतो. विनोदी ओळीनंतर किती थांबायचे, हे श्रोत्यांच्या प्रतिसादावर ठरते. एका रात्री हशा दोन क्षण टिकेल, दुसऱ्या रात्री पाच. कवी तितका वेळ थांबतो आणि पुढची ओळ उचलतो. लय येथे लवचीक आहे आणि तिची दोरी कवीच्या हातात आहे.

ध्वनिमुद्रणगृहात ढोल, खर्ज गिटार आणि कळवाद्ये यांचा ठेका एकदा मुद्रित झाला की तो बदलत नाही. कवीला त्या ठेक्यात शिरावे लागते. थांबण्याची जागा आधीच ठरलेली असते. हसणारा श्रोता तेथे नसतोच. म्हणून क्लार्क यांच्या अनेक विनोदी कवितांचे वाद्यसाथीचे मुद्रण ऐकताना कविता आणि संगीत समांतर चालल्यासारखे वाटते. कवितेत स्वतःचाच ठेका इतका भरगच्च आहे की दुसऱ्या ठेक्याला काम उरत नाही.

परंतु यावरून वाद्यवृंद निरुपयोगी होता, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. 'बीझली स्ट्रीट' (१९८०) ही दीर्घ कविता याचे उत्तम उदाहरण आहे. सॅलफर्डच्या लोअर ब्रॉटन भागातील कॅम्प स्ट्रीट हा रस्ता तिच्या मुळाशी असल्याचे सांगितले जाते. एका मोडकळीस आलेल्या रस्त्यावरील माणसे, वस्तू, वास आणि रोग यांची नोंद करीत ती पुढे जाते, आणि प्रत्येक कडव्याचा शेवट त्या रस्त्याच्या नावावर होतो. तिच्यात सर कीथ जोसेफ यांचा नामोल्लेख आहे. जोसेफ हे १९६२ ते १९६४ या काळात गृहनिर्माण खात्याचे, १९७० ते १९७४ मध्ये सामाजिक सेवा खात्याचे आणि १९७९ ते १९८१ मध्ये उद्योग खात्याचे मंत्री होते. शिवाय मार्गारेट थॅचर यांच्या आर्थिक धोरणाचे एक वैचारिक शिल्पकार म्हणून ते ओळखले जात. घर, आरोग्य आणि रोजगार या ज्या तीन गोष्टींचा अभाव कवितेत दाखविला आहे, त्या तिन्ही खात्यांची सूत्रे या एका व्यक्तीकडे येऊन गेली होती. तो उल्लेख म्हणूनच सहज केलेला शेरा राहत नाही.

या कवितेत विनोद आहे, पण तो हशासाठी थांबत नाही. तिला लागते ती एकसुरी, न थांबणारी, दमवून टाकणारी गती. हॅनेट यांच्या निर्मितीत प्रतिध्वनी आणि रिकाम्या अवकाशाचा आभास ही खास लकब होती. 'जॉय डिव्हिजन'च्या १९७९ च्या पहिल्या संचात ती ठळकपणे आढळते. 'बीझली स्ट्रीट'च्या मागे वाजणारे आवर्ती संगीत त्या रस्त्याला ओसाडपणा देते. येथे साथ कवितेच्या आशयाला पूरक ठरते. म्हणजे साथीचे यश वा अपयश कवितेच्या प्रकारावर अवलंबून होते. श्रोत्याशी प्रत्यक्ष देवघेव करणाऱ्या विनोदी कवितेला ती अडचणीची ठरली, तर वातावरण उभे करणाऱ्या दीर्घ कवितेला उपकारक ठरली.

या संदर्भात समकालीन लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्याशी तुलना उपयुक्त आहे. जमैकामध्ये १९५२ साली जन्मलेले जॉन्सन १९६३ मध्ये लंडनला आले. त्यांचा 'ड्रेड बीट अँड ब्लड' हा संग्रह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर आधारित ध्वनिमुद्रिका १९७८ मध्ये निघाली. डेनिस बोव्हेल यांच्या वाद्यवृंदाने त्यांना दीर्घकाळ साथ दिली. जॉन्सन यांची कविताच रेगे संगीतातील खर्जाच्या चालीवर घडलेली होती. संगीत बाजूला काढले तरी त्याची चाल शब्दांत शिल्लक राहते. क्लार्क यांच्या शब्दांत मात्र पाठांतराच्या कवितेची आणि विनोदी नटाच्या संवादफेकीची चाल होती. वाद्यवृंद तिच्यावर नंतर चढविला गेला. दोघेही 'वाद्यवृंदासह कविता म्हणणारे कवी' या एकाच शीर्षकाखाली नोंदले जातात. ही नोंद वरवरची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

साथ सुटल्यानंतर

१९८२ नंतर सीबीएसशी असलेले नाते संपले. त्याच वर्षी क्लार्क यांच्यावर 'टेन इयर्स इन ॲन ओपन नेक्ड शर्ट' हा चित्रपट तयार झाला आणि त्याच शीर्षकाचा त्यांचा कवितासंग्रह १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तक आले ते ध्वनिमुद्रिकांचा काळ संपल्यावर. त्यानंतर नव्या कवितांचा पुढचा संग्रह 'द लकिएस्ट गाय अलाइव्ह' २०१८ मध्ये आला. या दोन संग्रहांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे.

या अंतराला व्यक्तिगत कारण होते. क्लार्क हेरॉइनच्या व्यसनात सापडले होते. १९८० च्या दशकातील काही काळ ते आणि जर्मन गायिका निको लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एका घरात राहत होते. व्यसनाच्या या काळाविषयी क्लार्क यांनी आपल्या 'आय वॉना बी युअर्स' (२०२०) या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. नवी कविता जवळजवळ थांबली; न्याहारीच्या एका खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत दिसणे हे या दशकातील त्यांचे सर्वांत परिचित दर्शन ठरले. मार्टिन हॅनेट यांचे १९९१ मध्ये निधन झाले आणि जुन्या वाद्यवृंदाचे पुनरुज्जीवन होण्याची शक्यताही त्याबरोबर संपली.

कागदोपत्री पाहिले तर कारकीर्द येथे थांबायला हवी होती. कंपनी नाही, वाद्यवृंद नाही, नवे पुस्तक नाही. तरीही क्लार्क छोट्या सभागृहांतून कविता म्हणत राहिले. जुन्याच कविता, हातात कागदांची पिशवी आणि समोर एक ध्वनिक्षेपक. ज्या कवितेला मुळात वाद्यांची गरज नव्हती, ती वाद्यांशिवाय चालू राहू शकली. व्यापारी व्यवस्थेने दिलेले साधन काढून घेतल्यावर उरले ते कवीचे पाठांतर आणि श्रोत्याची स्मृती. मौखिक कविता या दोन आधारांवर टिकते, हे तत्त्व येथे एका आधुनिक औद्योगिक शहराच्या कवीच्या बाबतीत खरे ठरलेले दिसते.

पुनर्मूल्यांकन

एकविसाव्या शतकात क्लार्क यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. डॅनी बॉईल यांच्या 'स्ट्रम्पेट' (२००१) या चित्रपटात 'एव्हिडेंटली चिकनटाउन' ही कविता येते. एप्रिल २००७ मध्ये प्रसारित झालेल्या 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेच्या एका भागाचा शेवट याच कवितेच्या ध्वनिमुद्रणाने झाला. एकच शिवी जवळजवळ प्रत्येक ओळीत घालून साचलेल्या जगण्याचा वीट व्यक्त करणारी ही रचना आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑर्कनी बेटांवरील सैनिकांमध्ये प्रचलित असलेल्या एका पद्याशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. तिचे मूळ लोकपद्यात आहे, हे त्यावरून कळते. २००७ च्याच 'कंट्रोल' या चित्रपटात क्लार्क यांनी स्वतःचीच, म्हणजे सत्तरच्या दशकातील तरुण क्लार्कची, भूमिका केली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते त्याच वेशात, त्याच वेगाने कविता म्हणताना दिसतात.

दरम्यान त्यांच्या कविता इंग्लंडमधील शालेय परीक्षांच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचल्या होत्या. शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज' या वाद्यवृंदाचे गायक ॲलेक्स टर्नर यांना क्लार्क यांच्या 'आय वॉना बी युअर्स' या कवितेचा परिचय शाळेच्या वर्गात झाला. १९८२ च्या संचातील ही प्रेमकविता घरगुती वापराच्या सामान्य वस्तूंच्या उपमांनी भरलेली आहे. २०१३ मध्ये या वाद्यवृंदाने तिला नवी चाल लावून 'एएम' या आपल्या संचात समाविष्ट केले. आंतरजालावर हे गीत पुढील दहा-बारा वर्षांत अब्जाहून अधिक वेळा ऐकले गेले. १९८२ च्या वाद्यसाथीने जे साध्य झाले नव्हते, ते तीस वर्षांनंतर दुसऱ्याच वाद्यवृंदाने साध्य केले. पण येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. टर्नर यांनी ती कविता गायिली, तिचे शब्द बदलले आणि तिची गती संथ केली. म्हणजे कवितेचे गीत झाले. क्लार्क यांच्या वाद्यवृंदाला हे रूपांतर करावयाचे नव्हते. कविता कविता ठेवून तिला संगीताच्या बाजारात नेण्याचा तो मधला, आणि म्हणून अधिक कठीण, मार्ग होता.

जुलै २०१३ मध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने क्लार्क यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. ज्या तांत्रिक महाविद्यालयात त्यांनी प्रयोगशाळा सहायक म्हणून काम केले होते, ते नाव व दर्जा बदलत १९९६ मध्ये याच विद्यापीठात विलीन झाले होते. एकेकाळी जेथे ते प्राध्यापकांसाठी उपकरणे मांडून ठेवीत, त्याच संस्थेच्या वारसदार विद्यापीठाने त्यांना आपल्या सर्वोच्च पदवीने गौरविले. शिक्षणसंस्थेच्या आवारात, तिच्या वर्गांबाहेर घडणाऱ्या गुणवत्तेकडे आपण किती काळ पाहत नाही, याचा विचार प्रत्येक अध्यापकाने या निमित्ताने करावा असे वाटते.

क्लार्क यांच्या सर्वच कविता सारख्या दर्जाच्या आहेत, असा दावा येथे नाही. सुरुवातीच्या काही विनोदी रचनांतील स्त्रीचित्रण मद्यगृहातील पुरुषी विनोदाच्या पलीकडे जात नाही, आणि आजच्या वाचकाला ते खटकल्याशिवाय राहणार नाही. वस्तूंच्या याद्यांचे तंत्रही काही ठिकाणी यांत्रिक होते. तथापि 'बीझली स्ट्रीट'सारखी कविता सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या औद्योगिक इंग्लंडचा दस्तऐवज म्हणून सामाजिक इतिहासकाराला दुर्लक्षिता येणार नाही. पुढे क्लार्क यांनी 'बीझली बुलेव्हार्ड' ही कविता लिहून त्याच परिसरात आलेल्या नव्या झगमगाटाची नोंद घेतली. वस्ती पाडली जाते तेव्हा रस्ता नाहीसा होतो आणि नंतर त्याचे नावही बदलते. या दोन कविता एकत्र वाचल्यास नगरविकासाच्या एका संपूर्ण आवर्तनाचे दर्शन घडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. क्लार्क यांच्या कारकिर्दीतील साथीचा वाद्यवृंद ही त्यांच्या काव्यप्रकृतीची गरज नव्हती. कवीला ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या चौकटीत बसविण्याची ती व्यवस्था होती. तिचा कलात्मक परिणाम कवितेच्या प्रकारानुसार भिन्न झाला.

२. क्लार्क यांच्या लयीचे मूळ पंक संगीतात नसून शालेय पाठांतर, एकोणिसाव्या शतकातील आघातप्रधान पद्य, लोकपद्य आणि मनोरंजनगृहातील विनोदी सादरीकरण यांत आहे. 'पंक कवी' हे बिरुद त्यांच्या श्रोत्यांचे वर्णन करते. त्यांच्या रचनेचे नाही.

३. १९७७ ते १९८२ या काळातील साधने विपुल आहेत म्हणून हाच काळ निर्णायक मानणे सदोष आहे. साथ सुटल्यानंतर दीर्घकाळ चाललेले एकट्याचे सादरीकरण हा या कवितेच्या टिकाऊपणाचा खरा पुरावा आहे. त्याची लिखित वा मुद्रित साधने तुटपुंजी आहेत, एवढ्याच कारणाने त्याला इतिहासातून वगळता येणार नाही.

४. त्याच वेळी, वाद्यवृंदासह झालेल्या ध्वनिमुद्रणाविना तिशीतील क्लार्क यांचा आवाज पुढील पिढ्यांपर्यंत एवढ्या स्पष्टपणे पोहोचला नसता, हेही मान्य करावे लागते. बाजाराने आपल्या सोयीसाठी निर्माण केलेली वस्तू पुढे इतिहासाचे साधन झाली. साधनाचे मोल आणि त्यामागील हेतू यांचा विचार इतिहासकाराने स्वतंत्रपणे करावयास हवा.

आपल्यापैकी जे अध्यापक आधुनिक इंग्रजी कविता शिकवितात, त्यांच्या हाती सामान्यतः छापील पाठ असतो. क्लार्क यांची कविता नुसती छापील पाठावरून शिकविली, तर ती सोपी, यमकबद्ध आणि काहीशी उथळ वाटण्याचा संभव आहे. नुसत्या ध्वनिमुद्रिकेवरून ऐकविली, तर ती एका कालखंडातील संगीताचा भाग वाटेल. १९७९ च्या त्या कार्यक्रमातील ध्वनिमुद्रण, ज्यात एक आवाज आहे आणि समोर न शांत बसणारे श्रोते आहेत, ते वर्गात प्रथम ऐकवावे. छापील पाठ आणि वाद्यसाथीचे मुद्रण त्यानंतर विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. कवितेचा इतिहास तिच्या मूळ प्रसंगापासून सुरू करण्याचा हाच अधिक योग्य क्रम होय.